ऑब्झर्वेबलकलेक्शन: कापसाचा अख्खा सीझन वापरल्यावर

नोव्हेंबरपासून हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर माझंच लिहिलेलं काट्याचं सॉफ्टवेअर चालू आहे, सी शार्प भाषा अन् विंडोजच्या स्क्रीन बनवायचं डब्ल्यूपीएफ. आकडा बदलला की स्क्रीनला खबर देणारं आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड असते, त्यावर जास्त सांगत बसत नाही. मला बोलायचं आहे ऑब्झर्वेबलकलेक्शनबद्दल, म्हणजे ओळ आली-गेली की स्क्रीनला आपोआप सांगणारी यादी.

पहिल्याच आठवड्यात काट्यावरच्या पोराचा फोन, "भाऊ, खालचं टोटल काहून हलत नाही?" भरलेली गाडी 48.60 क्विंटल, खाली होऊन आली तर 21.20, ओळीत निव्वळ 27.40 बरोबर, पट्टीही बरोबर निघते, पण खाली दिवसाची बेरीज जुनीच. खिडकीशी उभा असलेला शेतकरी स्क्रीनच पाहते नं, त्याला वाटते काट्यातच गडबड आहे. वर्षाचं पीक त्या गाडीत असते त्याचं, त्याला काय बाइंडिंग, म्हणजे डेटा अन् स्क्रीनची जोडणी, समजावून सांगता.

तर हे कलेक्शन ओळ आली, गेली, सरकली एवढंच सांगते, ओळीच्या आतलं वजन बदललं तर तोंड उघडत नाही. 2005 च्या बाइंडिंगलिस्ट नावाच्या यादीला हे जमते, ओळीतलं बदललं की तिच्यात आयटमचेंज्डची खबर येते, मग वर्षभरानं आलेल्या याला काहून नाही दिलं, हा राग मला अजून आहे.

मग प्रत्येक गाडीच्या प्रॉपर्टीचेंज्डला, म्हणजे बदलाच्या खबरेला, हँडलर (खबर आली की बेरीज करणारा कोड) लावला, गाडी न्यूआयटम्समध्ये, म्हणजे नव्या ओळींत, आली की लावायचा, ओल्डआयटम्समध्ये, म्हणजे काढलेल्या ओळींत, गेली की काढायचा. मस्त चाललं, तेव्हा मी चार स्टार दिले असते. जानेवारीत आवक वाढली अन् संध्याकाळपर्यंत स्क्रीन इतकी जड व्हायला लागली की आकडा टाकला की थांबा. मालक नवीन लॅपटॉप घ्यायला निघाला होता, 40 हजार कशाला घालायचे म्हणून मी दोन रात्री बसलो. ब्रेकपॉइंट लावून पाहिलं तर एका गाडीचं एक वजन बदललं की बेरजेचा हँडलर 14 वेळा चालते! पोरगं दिवसभर कालची-आजची तारीख मागंपुढं करते, दरवेळी मी क्लिअर करून त्याच गाड्या पुन्हा भरत होतो, अन् क्लिअरचा इव्हेंट येते रीसेट म्हणून, त्यात ओल्डआयटम्स नल, म्हणजे काहीच नाही. म्हणजे हँडलर कोणाकोणाचा काढायचा ती यादीच हातात नाही, अन् सगळ्या गाड्या मी मेमरीत एका डिक्शनरीत धरून ठेवलेल्या, तेच ऑब्जेक्ट परत आले की आणखी एक हँडलर चिकटला. यादी रिकामी करणारं क्लिअरआयटम्स फंक्शन ओव्हरराइड केलं, म्हणजे त्याच्या जागी माझं लिहिलं, अन् मूळ फंक्शनला (बेसला) बोलवायच्या आधी सगळ्यांचे हँडलर काढले, सहा ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी तोच जुना लॅपटॉप रात्री आठलाही सकाळसारखा चालला.

काट्याचं वजन ज्या सिरियल पोर्टवरून येते, त्याचा डेटारिसीव्ह्ड इव्हेंट दुसऱ्या थ्रेडवर (स्क्रीनपेक्षा वेगळ्या चाललेल्या कामात) येते, तिथून कलेक्शनमध्ये अ‍ॅड केलं की एक्सेप्शन, म्हणजे एरर, काम स्क्रीनच्या थ्रेडवर पाठवणारा डिस्पॅचर वापरा, विषय संपला.

खरा आनंद कम्युनिटी टूलकिट नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीनं दिला, अन् तो फुकट आहे. भरलेलं अन् रिकामं, दोन्ही वजनांवर नोटिफायप्रॉपर्टीचेंज्डफॉर ही खूण लावली की निव्वळची खबर आपोआप जाते. आधी मी नाव हातानं स्ट्रिंगमध्ये टाकायचो, एक अक्षर चुकलं तर कंपायलरही गप्प अन् स्क्रीनही गप्प.

विकतचा ग्रिड (स्क्रीनवर तक्ता दाखवणारा तयार भाग) घेणार होतो, नाही घेतला. पुढच्या सीझनलाही हेच. तीन स्टार, एक बेरजेपायी कापला, एक त्या नल ओल्डआयटम्सपायी.