क्रोमच्या बोअरला बिडाची रिंग: मोंढा नाक्यामागच्या बोरिंगवाल्याचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात मोंढा नाक्याच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये एक बोरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचं सिलिंडर आतून कापून-घासून नीट करून देण्याचं दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हानं उडालंय, नुसतं ‘वर्क्स’ तेवढं वाचता येतं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या जपणाऱ्यांनी हे दुकान शोधून काढावं. सिलिंडर बघून रिंग (पिस्टनभोवतीचं कडं, जे सिलिंडरला घासत चालतं) ठरवणारा माणूस मला जालन्यापासून नांदेडपर्यंत दुसरा भेटला नाही. बाकी सगळे पाकीट बघून ठरवतात. माझी सगळी नोकरी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इंजिनांवर गेली, त्यामुळं कुणा मेकॅनिकचं कौतुक करायला माझी जीभ सहसा वळत नाही, हेही आधीच सांगतो.

गाडी एनफिल्ड फ्युरी १७५. आजच्या पोरांना नावही माहीत नसतं. बुलेटवाल्या कंपनीनंच ऐंशीच्या दशकात जर्मनीच्या झुंडापचं तंत्र घेऊन ही टू-स्ट्रोक काढली. पाच गिअर, पुढं ब्रेम्बोचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. त्या काळात आपल्याकडं हे सगळं नवलाचंच होतं. झुंडाप १९८४ मध्ये बुडाली, फ्युरीही फार चालली नाही, आणि पार्टसाठी वणवण करणं तेवढं आमच्या नशिबी राहिलं.

तिची खरी गोम सिलिंडरात आहे. येझदी घ्या, आरएक्स १०० घ्या, पिस्टन शेवटी बिडावरच, म्हणजे ओतीव लोखंडावरच चालतो. फ्युरीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात लायनरच (आत बसवलेली बिडाची नळी) नाही, आतून थेट हार्ड क्रोमचा थर. हा थर इतका पातळ, की बोरिंगचं हत्यार एकदा फिरवलं की क्रोम गेला आणि खाली मऊ ॲल्युमिनियम उघडं पडलं. म्हणजे ‘एक नंबर वाढवून घेऊ, ओव्हरसाइज पिस्टन टाकू’ हा आपला नेहमीचा इलाज इथं बाद.

आणि याच सिलिंडरात आधीच्या एका गॅरेजवाल्यानं मला ‘एकदम भारी क्वालिटी, क्रोमच्या आहेत’ म्हणून चकचकीत रिंगा घालून दिल्या होत्या. सिलिंडर उघडलं तेव्हा मी नेमका गावी होतो. थोडे दिवस गाडी बरी चालली. मग किक मऊ पडली, करमाडच्या पुढं चढाला गाडी धापा टाकायला लागली, आणि एक दिवस भर रस्त्यात पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरात जाम झाला. तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, तुमचं ऑइलच कमी पडलं. ते गॅरेज कुठलं, ते इथं लिहीत नाही.

तर सिलिंडर, पिस्टन आणि त्या रिंगा पिशवीत घालून मी या दुकानात गेलो. चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्यानं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, उजेडाकडं धरला, आतून बोट फिरवलं आणि मशीनकडं ढुंकूनही न बघता विचारलं, “रिंग कौनसी थी?” मी पुढं केली. त्यानं ती थिनरनं पुसली आणि टेबलाखालून निळ्या पाण्याची बाटली काढली.

मोरचूद! आम्ही मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतो त्यातलं. कृषी सेवा केंद्रात मिळतं तेच, पाण्यात विरघळवलेलं. काडीला कापूस गुंडाळून त्यानं एक थेंब रिंगच्या बाहेरच्या अंगाला लावला, म्हणजे जे अंग सिलिंडरला घासतं तिथं. निळं पाणी निळंच राहिलं. दुसरा थेंब रिंगच्या आतल्या अंगाला. बघता बघता तिथं तांब्याचा लाल पापुद्रा धरला. बिडातलं लोखंड मोरचुदातलं तांबं ओढून घेतं, क्रोमवर ते बसत नाही. मग डब्यातली दुसरी, राखाडी रंगाची, बिनचमकेची रिंग घेऊन तिच्या बाहेरच्या अंगाला थेंब लावला, तर तिथंही लाल. निकाल लागला. एवढी वर्षं इंजिनांत काढली, पण इतकी स्वस्त आणि इतकी पक्की परीक्षा मी पाहिली नव्हती. (घरी करून बघणार असाल तर रिंग लगेच धुऊन तेल लावा, नाहीतर गंज धरतो.)

“क्रोम पे क्रोम नक्को, फोरमन साब,” उस्ताद म्हणाला. “दोनों कडक, दोनों भिडते.”

सगळी मेख याच वाक्यात आहे, म्हणून जरा फोड करून सांगतो. क्रोमची रिंग वाईट नसते. आमच्या डिझेल इंजिनांत वरची रिंग क्रोमचीच असायची आणि टिकायचीही, कारण समोर लायनर बिडाचा. क्रोम आणि बीड यांचं जमतं. बिडात ग्रॅफाइट असतं, त्याच्या बारीक छिद्रांत तेल थांबतं, आणि दोघांपैकी एक जण झिजायला तयार असतो. क्रोमवर तेल मुळातच नीट पसरत नाही. दोन्हीकडं क्रोम आला की तेलाचा पडदा तुटला रे तुटला, तेच धातू एकमेकांना चिकटतात, ओरखडे काढतात, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम त्या ओरखड्यांत भरतं. बोअर क्रोमचा असेल तर रिंग साध्या बिडाचीच हवी. त्यात स्वस्त-महाग हा प्रश्नच येत नाही.

निकासिलचं गणित निराळं. तो निकेलचा थर असतो आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. जर्मनीच्या माहले कंपनीनं १९६७ मध्ये तो मुळात वांकेल इंजिनासाठी (ज्यात पिस्टनऐवजी रोटर फिरतो) आणला. हिऱ्याच्या स्टोननं त्याला होनिंग करता येतं, तो तेलही धरतो, आणि त्यावर क्रोमची रिंग चालते. त्यामुळं ‘प्लेटिंगवाला बोअर’ एवढं ऐकून कुणी रिंगा काढून देत असेल तर दुकान बदला. कसलं प्लेटिंग, हे त्यानं आधी विचारलं पाहिजे.

सिलिंडर साफ करण्यातही या दुकानाची अक्कल दिसली. बोअरला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला पुष्कळ जण सरसकट संडास साफ करायचं ॲसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक असतं आणि ते क्रोमच खातं. उस्तादनं कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरलं, तेही बोळ्यानं, डागापुरतं. सोडा ॲल्युमिनियम खातो, क्रोमला हात लावत नाही. आणि त्यातूनच एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या भोकाच्या) खालच्या कोपऱ्याला बुडबुडे दिसले, डाग निघाल्यावरही थांबेनात. म्हणजे तिथं क्रोमचा टवका उडून मूळ धातू उघडा पडला होता. त्यानं झटकन धुवून टाकलं, नाहीतर सोड्यानं तिथं खड्डाच पाडला असता. पोर्टच्या कडेला रिंग ठोकर खाते, म्हणून क्रोम आधी तिथंच सुटतो.

मग त्यानं तीन रस्ते सांगितले, खर्चासकट. टवका लहान आहे, पोर्टच्या खालच्या अंगाला आहे, तेव्हा कडा घासून बिडाच्या रिंगा टाकून चालवायचं. पण पुढं सोलणार नाही याची हमी नाही. किंवा क्रोम उतरवून बाहेरगावी निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग करून आणायचं. किंवा बिडाचा लायनर ठोकायचा. लायनर सगळ्यात स्वस्त, पुढं बोरिंगही करता येतं, आणि त्याच्या दुकानाचा धंदाही त्यातच. तरी त्यानंच त्यातली खोट सांगितली. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि ॲल्युमिनियमचं सिलिंडर गरम झाल्यावर साधारण सारखे फुगतात, म्हणून मूळ गाडीत क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, कमी ठेवता येतो. बीड तेवढं फुगत नाही आणि उष्णताही सावकाश सोडतं. लायनर टाकला तर क्लिअरन्स वाढवावा लागतो, गार इंजिन जरा खडखडतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टू-स्ट्रोकला हे परवडत नाही. मी पहिला रस्ता घेतला.

फ्युरीच्या मूळ रिंगा मिळणं अशक्यच. उस्तादकडं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जुना स्टॉक आहे, त्यातून त्यानं जोडी जमवली. हे काम बघत बसावं असं. नुसता व्यास जुळून भागत नाही. रिंगची जाडी ग्रूव्हला (पिस्टनवरच्या तिच्या खाचणीला) जुळली पाहिजे, तिची खोली अशी हवी की दाबल्यावर रिंग ग्रूव्हच्या कडेच्या आत बसेल, आणि टू-स्ट्रोक असल्यानं ग्रूव्हमधली पिन रिंगच्या टोकांच्या खाचेत बसली पाहिजे. ती पिन नसेल तर रिंग फिरते आणि तिचं टोक पोर्टमध्ये अडकतं.

मिळाली ती रिंग व्यासानं पाव मिलिमीटर मोठी होती. व्यास एवढा जास्त असला की गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, पाऊण मिलिमीटरहून जास्त आवळतो. पायनं गुणायचं, साधा हिशोब आहे. म्हणजे रिंग सिलिंडरात बसेचना, टोकं एकमेकांवर चढायला लागली. टोकं घासली की गॅप येतो, पण टोकांबरोबर पिनची खाचही घासली जाते. घाईचा माणूस इथंच फसतो. उस्तादनं दोन्ही टोकं सारखी घासली, मग बारीक डायमंड कानशीनं खाच पुन्हा तेवढीच खोल केली, दर वेळी पिस्टनवर बसवून बघत. शेवटी पिस्टनच्या डोक्यानं रिंग बोअरमध्ये सरळ ढकलली आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घातलं. पाव मिलिमीटरची पात सरकली, त्यापुढची अडली. खालून बॅटरी मारली. रिंगच्या भोवती उजेड फुटला नाही, फक्त गॅपमधून रेघ आली.

बोअरला होनिंग केलं नाही. क्रोमला साध्या स्टोननं होनिंग होत नाही, नुसता थर ओरबाडला जातो. घासणीनं साबणपाणी लावून धुतला, कोरडा केला, टू-टी ऑइल लावलं, बस्स.

गाडी आता बरी चालते. क्रोमचा बोअर झिजत नाही, रिंगेलाच घासून जागा करून घ्यावी लागते, म्हणून रनिंग-इन, म्हणजे नव्या रिंगा बसेपर्यंत जपून चालवणं, लांबतं. सुरुवातीला बदनापूरपर्यंत जाऊन थांबवायचो, गार करायचो, परत यायचो. किक हळूहळू घट्ट होत गेली. टवक्याचं काय होईल ते पुढच्या वेळी सिलिंडर उघडल्यावर कळेल.

आता कुरकुर. बिल मिळत नाही, पाठकोऱ्या पाकिटावर आकडा लिहून देतो. फोन उचलत नाही. ‘परसों’ म्हणाला तर आठवडा धरा. माझं सिलिंडर दोन ट्रॅक्टरच्या हेडखाली उघडंच पडलं होतं, त्यावर मी बोललो तेव्हा फडकं टाकलं. बसायला एकच खुर्ची आणि तिचाही एक पाय वेल्डिंगचा. रिंगांची जोडी आणि सगळी मेहनत धरून अकराशे घेतले. बाराशे सांगितले होते, शंभर मी कमी करवले आणि नंतर चहात घालवले.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. आणि नुसतं सिलिंडर घेऊन जाऊ नका. पिस्टन, पिन असलेला, आणि जुन्या रिंगांचे तुकडे झाले असतील तर तेही न्या. त्याशिवाय तो डबे उघडतच नाही.