जपानची चेरी ब्लॉसम टूर आणि आमचे २१ लाख

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सध्या परदेशी लक्झरी टूरची प्रेझेंटेशनं जोरात चालू आहेत. हॉलमध्ये बोलावतात, चहा-कटलेट देतात, मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ दाखवतात. आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये अशाच एका प्रेझेंटेशनला गेलो होतो, मी, आमचे हे, आणि कुडाळहून माझी ताई आणि भाऊजी. चौघांचे मिळून २१ लाख १६ हजार रुपये गेले. कसे गेले ते सगळं सांगते, कारण त्यातली एकेक गोष्ट आधी कळली असती तर आम्ही थांबलो असतो.

आधी टूर काढणाऱ्या माणसाबद्दल सांगते. तो कुणी लांबचा नव्हता. आमच्याच भागातला, ओळखीतला, चार-पाच वर्षं अष्टविनायक, काशी, केरळ अशा सहली नेणारा. आमच्या शेजारच्या काकी त्याच्याबरोबर काशीला जाऊन आल्या होत्या, सगळं व्यवस्थित झालं होतं, म्हणून विश्वास होता आणि तो विश्वास चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही, काशीची सहल खरी होती. पण १५ हजाराची सहल नीट नेणारा माणूस ५ लाखाची नीट नेईलच असं आपण धरून चालतो, तिथे आम्ही फसलो.

टूर होती जपानची, ३ एप्रिल ते १४ एप्रिल २०२५. माणशी ४ लाख ८० हजार, वर ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन आपल्या नावाने सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर. मी ३१ वर्षं पोस्टात काढली, रिटायर झाल्यावर एकदा तरी नीट, आरामात, घाई न करता कुठेतरी जायचं हे मनात होतं. आणि एप्रिलमध्ये जायचं म्हणजे आंबा सोडून जायचं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाग खंडाने दिली, १८० कलमं, आणि भाव कमी मिळाला तरी दिली, कारण ऐन हंगामात आपण इथे नसणार.

आता ते ब्रोशर. मी ते अजून जपून ठेवलंय, पोलिसांकडे त्याची झेरॉक्स दिलीय. त्यात लिहिलं होतं, ‘ओकिनावा ते होक्काइडो, संपूर्ण जपान चेरीच्या फुलोऱ्यात, एकाच प्रवासात’. पहिले तीन दिवस ओकिनावा, समुद्रकिनारी रिसॉर्ट आणि फुलं. मग क्योटो आणि फुलं. मग टोकियो. मधे एक दिवस तातेयामाची बर्फाची भिंत, म्हणजे डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला साचलेल्या बर्फाची उंच भिंत. शेवटी होक्काइडोतलं साप्पोरो आणि परत फुलं. क्योटोत रियोकान म्हणजे तिकडची पारंपरिक पद्धतीची सराय, खोलीतच गरम पाण्याचं कुंड, आणि टोकियो-क्योटो बुलेट ट्रेन ग्रॅनक्लासने, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाने. वाचताना इतकं छान वाटत होतं ना.

हे सगळं बारा दिवसांत होऊच शकत नाही, आणि ते आम्हाला पैसे गेल्यावर कळलं. जपान वरपासून खालपर्यंत जवळजवळ तीन हजार किलोमीटर लांब आहे, खाली ओकिनावात आपल्यासारखी दमट समुद्राची हवा आणि वर होक्काइडोत महिनोन् महिने बर्फ. त्यामुळे फुलोरा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. ओकिनावात ती गडद गुलाबी फुलं जानेवारीच्या मध्यापासून येतात आणि फेब्रुवारीत संपतात. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, त्यावर ५-६ फुलं उमलली की हवामान खातं फुलोरा सुरू झाला असं जाहीर करतं, ते २०२४ ला २९ मार्चला झालं आणि २०२५ ला २४ मार्चला. साप्पोरोत फुलं यायला एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडतो, कधी मे. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात क्योटो-टोकियोत फुलं मिळाली असती, पण ओकिनावात ती कधीच झडून गेलेली आणि साप्पोरोत रात्री तापमान शून्याच्या आसपास. आणि ती तातेयामाची बर्फाची भिंत, तो रस्ताच मुळी दरवर्षी १५ एप्रिलच्या सुमारास उघडतो, आमचा परतीचा दिवस होता १४. टोकियो-क्योटो मार्गावर ग्रॅनक्लासचा डबा नसतोच, तिथे वरचा वर्ग म्हणजे ग्रीन कार. ग्रॅनक्लास आहे पण दुसऱ्या मार्गांवर.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. आपण कोकणातली माणसं. देवगडचा आंबा आधी, मग रत्नागिरीचा, मग रायगडचा, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. उद्या कुणी दारात येऊन म्हणाला की एकाच आठवड्यात देवगडपासून अलिबागपर्यंत सगळीकडची पहिली पेटी तुम्हाला देतो तर आपण त्याचं ऐकून घेऊ का? पण तेच फुलांच्या बाबतीत स्क्रीनवर दाखवलं तेव्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कपड्यांची यादीसुद्धा त्याने दिली होती, एक हलका स्वेटर आणि छत्री, बस. ओकिनावाला ठीक, पण साप्पोरोला? जो माणूस खरंच नेणार असतो ना तो आधी थंडीच्या कपड्यांवरून तुमच्या मागे लागतो.

पैसे तीन हप्त्यांत दिले. बुकिंगचे माणशी १ लाख, ते कंपनीच्या करंट अकाउंटला, चेकने, पावती मिळाली. नोव्हेंबरमध्ये दुसरा हप्ता, तोही तिथेच. फेब्रुवारीत बाकीचे, तेव्हा त्याचा फोन आला की ताई, येन आत्ता स्वस्त आहे, हॉटेलवाल्यांना डायरेक्ट पाठवायचेत म्हणून या दुसऱ्या खात्यात टाका. ते खातं त्याच्या कुठल्यातरी नातेवाईकाचं सेव्हिंग खातं होतं. मी पोस्टात काम केलेली बाई, मला खटकलं, मी विचारलंही, तर म्हणाला सीएने सांगितलंय, पावती कंपनीचीच देतो. आणि दिली. मग मी गप्प बसले. कंपनीला द्यायचे पैसे माणसाच्या खात्यात मागितले की तिथेच थांबायचं असतं, पावती कसलीही असो.

व्हिसा मात्र खरा आला. म्हणूनच आम्हाला शेवटपर्यंत संशय आला नाही. व्हिसासाठी हॉटेल बुकिंग आणि विमानाचं बुकिंग दाखवावं लागतं, ते त्याने केलं होतं, आणि ते त्या वेळी खरंच होतं. १८ फेब्रुवारीला मंगळवारी व्हिसा आला, त्याने पेढे पाठवले घरी. आणि २० तारखेला गुरुवारी सगळी हॉटेलं रद्द केली. फ्री कॅन्सलेशनवाली बुकिंग होती ती, एक रुपया न भरता केलेली. आमच्याकडे जे व्हाउचर होते त्यात अगदी खाली लिहिलेलं होतं की अमुक तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल, पैसे हॉटेलवर द्यायचे. आम्ही फोटो बघितले, खोलीचं नाव बघितलं, ती ओळ कुणी वाचली नाही.

उघड कसं झालं ते सांगते. शिमग्याला पुतण्या पुण्याहून आला होता. १६ मार्चला, रविवारी, पालखी घरी येऊन गेली, ओटी भरून झाली, सगळे पडवीत बसलो होतो आणि मी कौतुकाने त्याला मोबाईलवर तिकिटं दाखवली. तो बघत राहिला आणि म्हणाला, काकू, यावर पीएनआर आहे पण तिकीट नंबर कुठाय? मला फरकच माहीत नव्हता. तर फरक असा आहे की एजंट पैसे न भरता सीट होल्ड करून ठेवू शकतो, त्याला पीएनआर मिळतो, छान छापील कागद निघतो, पण ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर ते बुकिंग आपोआप उडतं. पैसे भरून तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट नंबर येतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. त्याने विमान कंपनीच्या साईटवर पीएनआर टाकला, बुकिंग सापडलं नाही. दोनदा टाकला. मग त्याने रात्रीच क्योटोच्या त्या रियोकानला इंग्रजीत मेल लिहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, अगदी अदबीने लिहिलेलं, की तुमच्या नावाचं बुकिंग २० फेब्रुवारीला रद्द झालंय. बाकी हॉटेलांचीही तशीच उत्तरं आली.

हे त्या रात्री काही बोलले नाहीत. बागेकडे तोंड करून बसून राहिले. बाग तर दुसऱ्याच्या ताब्यात होती.

टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला एअरलाईनचा सर्व्हर अपडेट होतोय, काळजी करू नका. मग दोन दिवसांनी म्हणाला ग्रुप पूर्ण झाला नाही, तुम्हाला त्याच पैशात २९ एप्रिलला नेतो, उलट होक्काइडोची फुलं चांगली मिळतील. तोवर पुतण्याने सगळं वाचून काढलं होतं. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये गोल्डन वीक असतो, लागोपाठ सुट्ट्या, अख्खा देश फिरायला बाहेर पडतो, हॉटेलं वर्षातल्या सगळ्यात महाग दराला जातात. त्याच पैशात, आणि महिन्याभरावर येऊन, चार माणसांना लक्झरी खोल्या? त्यानंतर फोन बंद, ऑफिसला कुलूप.

आणि टीसीएस. परदेशी टूरवर घेतलेला टीसीएस हा आपल्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायला हवा, तो आपल्याला रिटर्नमध्ये परत मागता येतो, आणि आयकर खात्याच्या साईटवर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात (आमच्या वेळी ते फॉर्म २६एएस) दिसतो. नोव्हेंबरच्या हप्त्यावर घेतलेला टीसीएस मार्चपर्यंत दिसायला हवा होता, चौघांच्याही पॅनवर शून्य. टीसीएसच्या नावाने लाखभर रुपये घेऊन तो खिशात घालून बसला होता. हे घरबसल्या पाच मिनिटांत बघता येतं, आणि आपण हप्ते भरत असतानाच बघता येतं, म्हणून मुद्दाम सांगते. पुढचा हप्ता देण्याआधी मागच्या हप्त्याचा टीसीएस पॅनवर दिसतोय का ते बघा, तिमाही संपून थोडे दिवस गेले असतील तर दिसायला हवा.

तक्रारीचं सांगते. ताईने १५ मार्चलाच, म्हणजे हे उघड व्हायच्या आदल्याच दिवशी, खोलीच्या अपग्रेडसाठी म्हणून ६० हजार यूपीआयने पाठवले होते, ते या २१ लाखांच्या वेगळे. पुतण्याने १६ च्या रात्रीच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावायला लावला, आणि ते ६० हजार समोरच्या खात्यात गोठवले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत पण निदान त्याला काढता आले नाहीत. बाकीचे हप्ते जुने, ते कधीच काढून घेतले होते. पोलिसांत गुन्हा नोंदला गेलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१६ विश्वासघाताचं. पहिल्या दिवशी ठाण्यात आम्हाला सांगितलं की हा दिवाणी मामला आहे, पैशाचा वाद आहे. तेव्हा आम्ही हॉटेलांचे मेल समोर ठेवले, व्हिसा १८ ला आणि रद्द २० ला, सगळी एकाच दिवशी. त्यावर साहेबांनी तक्रार लिहून घेतली. तेव्हा मेल, व्हाउचर, पावत्या, व्हॉट्सअॅप चॅट, काही डिलीट करू नका.

जिल्हा ग्राहक आयोगातही गेलोय. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आपण राहतो तिथे दाखल करता येतं, दोन वर्षांच्या आत. आमच्या दोघांचे साडेदहा लाख, त्याला फी ४०० रुपये. वकील न देताही जाता येतं पण आम्ही दिला. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, फोन केला होता, तिथे कागद कसे लावायचे ते नीट सांगितलं. ताई-भाऊजींनी कुडाळहून वेगळी तक्रार केलीय. भाऊजींना हे सगळं लोकांना सांगायचं नव्हतं, गावात काय म्हणतील म्हणून, त्यांची समजूत काढायला मला महिना लागला. आम्ही बोलायला लागल्यावर आणखी सहा कुटुंबं पुढे आली, तोपर्यंत तीसुद्धा आपापल्या घरात गप्प बसून होती.

हे सगळं आत्ता लिहायला बसले कारण मागच्या आठवड्यात ताईच्या शेजारणीच्या हातात एक नवीन ब्रोशर आलं. कंपनीचं नाव दुसरं, फोन नंबर दुसरा, पण रियोकानचे फोटो तेच आणि कपड्यांची यादीही तीच, एक हलका स्वेटर आणि छत्री. या वेळी ऑक्टोबरची टूर आहे, ‘होक्काइडो ते क्योटो, लाल पानांचा जपान, १० दिवस’. होक्काइडोत पानं सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लाल होतात आणि क्योटोत नोव्हेंबरच्या शेवटी. कुणाच्या हातात हे ब्रोशर आलं असेल तर पैसे देऊ नका, त्याचा फोटो काढा, प्रेझेंटेशन कुठल्या हॉलमध्ये आहे ती तारीख लिहून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या.