सोलर उंदीर-पळव्या खुंट्या: कृष्णाकाठच्या उसात कितपत चालतात?

गुण: पाचपैकी दीड. अर्धा पॅनेलला, एक तशा कमी कटकटीला.

ऑनलाइन मिळणाऱ्या या खुंट्यांच्या डब्यावर मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहिलेलं तपकिरी जनावर छापलेलं असतं. तो उंदीर नाही आणि घूसही नाही. ती कॅनडातल्या गवताळ माळावरची रिचर्डसन खार, तिकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'गोफर'. पलूस-वाळव्याच्या रानासाठी खुंटी मागवण्याआधी हे चित्र नीट बघावं.

वस्तू साधी आहे. वर बशीएवढं पॅनेल, खाली फूटभर पोकळ नळी, आत एक रिचार्जेबल सेल आणि छोटी मोटर किंवा बझर. दर ३० सेकंदांनी ४०० ते १००० हर्ट्झची घरघर होते. काही विक्रेते नावात 'अल्ट्रासॉनिक' घालतात, ते चूक. अल्ट्रासॉनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वर, आणि तसला आवाज मातीत शिरल्याशिरल्या मरतो. एका नगाला ६५० चौरस मीटर हा नेहमीचा दावा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा दावा खरा धरला तरी एकरी सात नग लागतात. चारचा संच 'एक एकरासाठी' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हा हिशोब समोर ठेवावा.

आता ती खार. ती दिवसा वावरते, वर्षातून एकदाच विते, आणि वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली झोपून काढते. मोठे नर फेब्रुवारी-मार्चात बाहेर येतात आणि जून-जुलैत पुन्हा बिळात शिरतात. मग माद्या जातात, त्या सालची पिल्लं सर्वांत शेवटी. म्हणजे तिकडे जुलैत खुंटी रोवणाऱ्याला ऑगस्टात माळ बराच रिकामा दिसणारच. खुंटी नसती तरी दिसला असता!

आवाजाच्या बाबतीत तर ही खार फारच हुशार. ती स्वतःच सुमारे ५० किलोहर्ट्झवर इशारा देते, जो माणसाला ऐकूच येत नाही. हे मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. त्याआधी २००१ मध्ये तिथेच असंही दिसलं होतं, की खोटा इशारा देणाऱ्या खारीकडे पिल्लं पुढे कमी लक्ष देतात. दर तीस सेकंदांनी तोच आवाज आणि मागून धोका काहीच नाही, म्हणजे खुंटी हीच ती खोटारडी खार.

आपल्याकडची घूस झोपी जात नाही. चारा असेल तर बारा महिने विते, गाभणकाळ जेमतेम तीन आठवडे. रात्री फिरते, बांधात बीळ करते, धान्य साठवते आणि उसाच्या खालच्या कांड्या कुरतडते. लोळलेल्या उसात जास्तच. मऊ केसांचा शेतउंदीर काळ्या रानाच्या भेगांतही राहतो, आणि त्याच भेगांमुळे उन्हाळ्यात खुंटीभोवतीची माती सुटून कंपन हवेत जातं.

उसातली मोठी अडचण सावलीची. मोठी भरणी, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर, झाली की पाला पॅनेलवर येतो, सेल भरत नाही, आणि घूस बाहेर पडायच्या वेळेलाच खुंटी गप्प होते. पाटपाण्याच्या सरीत जोडातून पाणी शिरतं ते वेगळंच. डोक्यावर हातोडा मारून रोवली तर पॅनेलचा सांधा तडकतो. आधी पहारीने भोक पाडावं. तासगावकडच्या द्राक्षबागेच्या कडेला ऊन मिळतं, पण तिथे ड्रिपची नळी कुरतडणाऱ्यांत आपली पट्ट्यांची खारही असते, आणि ती झाडावर राहते. जमिनीच्या घरघरीचं तिला काय?

हेच पैसे विषारी आमिषावर घालावेत. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी उकरलेली दिसतील ती चालू. घूस मात्र तोंड आतून बुजवते, म्हणून तिच्यासाठी ताज्या मातीचा ढीग बघायचा. झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा-तेल द्यावं, मग भरडा ९६ भाग, तेल २, औषध २, बिळात दहा ग्रॅमची पुडी. आधी सवय लावली नाही तर जनावर थोडंसंच खातं, आजारी पडतं, वाचतं आणि पुढे त्या आमिषाला शिवत नाही. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषामध्ये मरण काही दिवसांनी येतं, त्यामुळे असा संशय बसत नाही, ०.२५ टक्क्यांच्या पावडरचं प्रमाण तेच, ९६:२:२, बिळात १५ ग्रॅम. हातमोजे घालावेत, मिश्रण काठीने करावं, मेलेले उंदीर पुरावेत, नाहीतर घुबडं आणि कुत्री मरतात. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं.

खुंट्या घेऊन झाल्याच असतील तर परसबागेत ऊन लागेल तिथे रोवाव्यात आणि दर आठवड्याला जागा बदलावी. पावसाळ्यात सेल काढून ठेवावा, तो दुसऱ्या दिव्याला चालतो.