कट्यार कुठली ऐकायची, जुनी की नवी?

परवा मामेभावाचा मेसेज आला, 'दादा, शनिवारी मुंबईहून गाडीने नागपूरला निघतोय, कट्यार डाउनलोड करायला घेतली तर दोन दोन दिसतायत, कुठली घेऊ?' कट्यार म्हणजे 'कट्यार काळजात घुसली'ची गाणी. त्याला दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण हा प्रश्न मला वर्षातनं एकदा तरी कोणीतरी विचारतंच, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहून टाकू. शिवाय सध्या माझ्याकडे पण या दोन्हीच चालू आहेत, सकाळी एक आणि रात्री एक, बायको वैतागलीये.

तर जुनी म्हणजे 1967 च्या नाटकातली पदं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी, निर्मिती नाट्यसंपदा आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून साक्षात वसंतराव देशपांडे. नवी म्हणजे 2015 चा सुबोध भावेचा सिनेमा, संगीत शंकर-एहसान-लॉय. त्यांनी जुन्यातली बरीच पदं ठेवली आणि आपली नवीन गाणी घातली, म्हणजे निव्वळ रिमेक म्हणता येणार नाही, वाडा जुनाच पण मागे दोन मजले चढवलेत असं समज.

आधी साउंडचं बोलतो कारण तू गाडीत ऐकणार आहेस. जुन्यात मागे ऑर्गन, तबला एवढाच संसार, सगळा भार गळ्यावर. घरी शांततेत हे सोनं आहे, पण एसी चालू, टायरचा आवाज, मागे पोरं कुरकुऱ्यांवरनं भांडतायत, यात बारीक हरकती, म्हणजे गळ्यातनं घेतलेल्या छोट्या छोट्या सुरावटी, ऐकूच येत नाहीत, आणि व्हॉल्यूम वाढवावा तर जुन्या रेकॉर्डिंगची खरखर पण वाढते. मी कॉलेजात असताना एका रस्त्यावरच्या दुकानातनं कट्यारची सीडी घेतलेली, त्यात एका पदात मध्येच सीडी अडकायची आणि तोच तुकडा चार-पाच वेळा वाजून पुढे सरकायची, आणि खोटं नाही सांगत, दोन आठवडे मला वाटत होतं की तान, म्हणजे ती सुरांची भरभर धाव, तशीच आहे. वसंतरावांचं काही सांगता येत नाही ना, घेतली पण असती.

नवीन अल्बमला हा प्रॉब्लेमच नाही. मिक्सिंग चकाचक, कोरस, व्हायोलिन सगळं भरगच्च. 'सूर निरागस हो' गणपतीत एवढं वाजलंय की आता कोणाला वेगळं सांगायची गरज नाही, 'मनमंदिरा' पोरांना शाळेच्या गॅदरिंगमुळे पाठ असतं, आणि 'यार इलाही' लागली की गाडीतला सगळ्यात गप्प माणूस पण मांडीवर ठेका धरतो. 'दिल की तपिश' मात्र गप्पा थांबवून ऐक, राहुल देशपांडे काय गायलाय! 'अरुणी किरणी'ला महेश काळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, तो मिळाला नसता तरी मी ते दोनदा लावलंच असतं. अरिजीत सिंगचं 'भोला भंडारी' मी स्किप करतो. अरिजीत आवडतो मला, पण या अल्बममध्ये तो लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरलेल्या पाहुण्यासारखा वाटतो, कपडे छान आहेत पण ओळखीचं कोणी नाही.

आता खरी गंमत, घेई छंद. कट्यारची अख्खी गोष्ट दोन घराण्यांच्या गाण्याची आहे, नाटकातल्या पंडितजींचं एक आणि खाँसाहेबांचं एक. अभिषेकीबुवांनी काय केलंय तर 'घेई छंद मकरंद'च्या त्याच शब्दांना दोन चाली दिल्यात. एक पंडितजींच्या बाजूची, संथ, सरळ, फुलावर भुंगा अलगद बसावा तशी. दुसरी वसंतरावांची, सालगवराळी रागातली, आणि तिथे भुंगा बसतबिसत नाही, नुसता घोंघावतो. शब्द पकडतात, सोडून देतात, मध्येच असे कुठेतरी वळतात की आपल्याला वाटतं आता गेली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातातनं, आणि मग शेवटच्या क्षणाला असे येऊन आदळतात की ऐकणारा दचकतो. माझे वडील अडकित्त्याने सुपारी कातरताना ऐकायचे, आणि त्या जागेवर अडकित्ता उघडाच राहायचा, तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, संपली की मगच कट्ट.

नव्यात हे नाहीये असं नाही. राहुल वसंतरावांचा नातू, आजोबा 1983 ला गेले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता, म्हणजे बराचसा वारसा त्याने पण तुझ्यामाझ्यासारखा रेकॉर्डिंगमधनंच मिळवला असणार, आणि महेश काळे खुद्द अभिषेकीबुवांचा शिष्य. सिनेमाच्या आधी दोघांनी हे नाटक स्टेजवर पण केलंय. तयारीत कुठेच कमी नाहीत. पण नव्यात गाणाऱ्याच्या खाली कायम गादी घातलेली आहे, पडला तरी लागणार नाही. वसंतराव गातात तेव्हा खाली काहीच नाही, आणि ते त्यांना माहितीये आणि तरी उडी मारतात. मला जुनी आवडते ती यासाठी, जुनं ते सोनं वगैरे म्हणून नाही. 'सुरत पिया की' पण दोन्हीकडची लागोपाठ ऐकून बघ, त्या रागमालेत, म्हणजे एकाच पदात ओवलेल्या अनेक रागांत, नव्याचं पारडं मला बऱ्यापैकी जड वाटतं, जुने लोक मारतील मला.

मग घ्यायची कुठली? ज्याने आयुष्यात शास्त्रीय कधी ऐकलंच नाही त्याने नवीच घ्यावी, डोळे मिटून. तिकडे अमेरिकेत वाढलेली आपली भाचरं पण कट्यारपर्यंत महेश काळेच्या बोटाला धरूनच आलीयेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. घरात कोणी पेटी-तबला शिकत असेल तर जुनी, कारण चाल उघडी दिसते, वर कसलाही रंग नाही. साठीच्या पुढच्यांना विचारूच नकोस, ते जुनीच सांगणार आणि वर प्रयोगाचं तिकीट कसं मिळवलं ते पण सांगणार.

तुझ्यासाठी नवी. 701 किलोमीटरची समृद्धी आहे, पोरं आहेत, वहिनीला 'मनमंदिरा' आवडतं. पण नागपूरला चाललायस आणि दारव्हेकर मास्तर नागपूरचे, वसंतराव पण तिथेच वाढलेले, तेव्हा जुनं घेई छंद एवढं एक पद फोनमध्ये ठेवच. फक्त पोचल्यावर ऐक, रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून. चालवताना नको. मी मागच्या वर्षी लावलं होतं, त्या एका तानेत माझा एक्झिट चुकला आणि पुढचा येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.