लिलावातला फ्लॅट, आणि 60,000 रुपये ‘ताबा खर्च’

नागपूरच्या बेसा भागातला टू बीएचके मी बँकेच्या ई-लिलावात 29,10,000 रुपयांना घेतला. विक्री प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे. आत मात्र जुन्या कर्जदाराचा भाडेकरू आहे, आणि मी नरेंद्रनगरात भाडं भरतोय.

एजंटनं 5 टक्के फी घेतली, 1,45,500. वर ‘ताबा खर्च’ 60,000, तेही रोख. असा खर्चच नसतो, लक्षात ठेवा. ताबा बँक घेते. समोरचा हलत नसेल तर सरफेसीच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या) कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणते. यात एजंट कुठेच बसत नाही. बोलीही स्वतःच्या लॉगिनवरून लावता येते.

फ्लॅट बघायला गेलो ती संध्याकाळ आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत कपडे वाळत होते. लहान पोराचे. एजंटला विचारलं तर म्हणे, “काका, वॉचमनच्या घरचे आहेत. फ्लॅट रिकामा आहे, किल्ली बँकेत.” बेल वाजवायला गेलो तर, “शेजाऱ्यांना कळलं तर तेही बोलीत उतरतील,” म्हणत मला जिन्यानं खाली आणलं. चौथ्या मजल्यावर वॉचमनचे कपडे! आता सगळेच विचारतात, तेव्हा कसं नाही कळलं. अहो, दुसऱ्या दिवशी पाच वाजता बयाण्याची मुदत संपत होती आणि हा माणूस नात्यातल्यानं पाठवलेला होता.

नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ छापलं होतं, म्हणजे ताबा फक्त कागदावर. वाचलं होतं मी. “ते सगळ्याच नोटिशीत असते,” म्हणाला. साफ खोटं! बँकेकडे प्रत्यक्ष ताबा असला की नोटिशीत तसंच छापतात. हे दोन शब्द आधी शोधा, भाव नंतर बघा.

बोली सुटल्यावर फार तर पुढच्या कामाच्या दिवशी 25 टक्के भरावे लागतात. बयाण्याचे 2,84,000 वजा जाऊन माझे 4,43,500 गेले. उरलेले 21,82,500 पंधरा दिवसांत. नाही भरले तर आधीचे जप्त. शंका आली तरी माणूस मागे फिरणार कसा?

बँकेचे साहेब आता ‘जसे आहे, जिथे आहे’ या लिलावाच्या अटीवर बोट ठेवतात. पैसे घेताना चहा पाजला होता, आता केबिनबाहेर बसवतात. कलम 14 चा अर्ज केलाय म्हणे. कायद्यात त्या आदेशाला 30 दिवस, कारणं लिहून फार तर 60. आमची फाईल कोणत्या टेबलावर आहे, हे सांगायलाही कोणी मान वर करत नाही. एक बाबू म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते तिकडे विचारा. पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही. “हा दिवाणी मामला आहे. रोख दिले ना? पावती?” पावती देणारा चोर मी तरी अजून पाहिला नाही. तिकडे कर्जदार ऋणवसुली न्यायाधिकरणात गेलाय, तारखा पडताहेत. तत्पर एकटी सोसायटी: मागची थकबाकी 1,12,000, माझ्या नावावर. बोली लावण्याआधी सोसायटीकडून आणि मनपाच्या कर विभागातून थकबाकी लेखी घ्या. तोंडी नको.

एजंटचा जुना नंबर बंद आहे. नव्या नंबरावरून परवा माझ्या मेव्हण्याला त्याचा मेसेज आला: मनीषनगर, टू बीएचके, बँक लिलाव, ताबा पंधरा दिवसांत. असा मेसेज आला तर दिवसा जा, बेल वाजवा, आणि याला सोबत नेऊ नका.