जबड्याच्या फ्रॅक्चरसाठी ओपीजी: कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

हनुवटीवर पडलेल्या पेशंटचा आधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकाच चित्रात येणारा एक्स-रे) काढतात, ते योग्यच आहे. साधारण पंधरा सेकंदांत खालचा अख्खा जबडा दोन्ही सांध्यांसकट एका फिल्मवर येतो, आणि रेडिएशन सीटीच्या मानाने फारच कमी. जबड्याच्या कोनाजवळचं (कानाखाली जबडा वळतो तिथलं) किंवा दाढांखालचं फ्रॅक्चर त्यात सहसा सुटत नाही.

सुटतं ते हनुवटीच्या मध्यावर. तिथे मानेच्या मणक्यांची सावली पडते. शिवाय पेशंट जरासा पुढेमागे उभा राहिला, की समोरचे दात धूसर होतात. दुसरी कच्ची जागा कॉन्डाइल, म्हणजे जबड्याचं सांध्यात बसणारं टोक. तुटलेलं डोकं लॅटरल टेरिगॉइड स्नायू पुढे आणि आत ओढतो, पण आत किती सरकलं ते ओपीजीत कळत नाही. म्हणून सोबत पीए मँडिबल किंवा रिव्हर्स टाउन व्ह्यू (जबड्याचे मागून पुढे घेतलेले एक्स-रे) हवाच. डावीकडे सुळ्याजवळ भेग दिसली, की उजवा कॉन्डाइल तपासल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये. हा जबडा बऱ्याचदा दोन ठिकाणी तुटतो.

फसवणाऱ्या रेघाही असतात. जिभेमागच्या हवेची काळी रेघ नेमकी कोनावरून जाते. ती हाडाच्या कडेबाहेरही चालू राहिली, तर ते फ्रॅक्चर नव्हे. कानातली कुडी तशीच राहिली तर तिची मोठी, पुसट सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते. कुड्या, नथ, मंगळसूत्र, कवळी आधी उतरवा.

शंका उरलीच तर सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यासाठीचा कोन-बीम सीटी. 0.2 ते 0.4 मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमुळे (थ्रीडी चित्राच्या बारीक ठोकळ्यांमुळे) जिभेकडच्या बाजूची भेगही सापडते. मात्र पेशंट हलला तर स्कॅन वाया जातो, आणि मऊ भागातला रक्तस्राव यात कळत नाही. डोक्याला मार, मानेच्या दुखापतीचा संशय किंवा बेशुद्धी असेल, तर पेशंटला ओपीजीसाठी उभं करूच नये. झोपवून सीटी करावा, 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस, बोन विंडोमध्ये (हाड नीट दिसेल अशा सेटिंगमध्ये). थ्रीडी चित्र नातेवाइकांना समजावायला उत्तम, पण बारीक भेग त्यात बुजते. निदान मूळ स्लाइसवरूनच करायचं.

पडलेला दात सापडत नसेल तर छातीचा एक्स-रेही काढा, तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. आणि सीटी किंवा सीबीसीटी केल्यावर सेंटरमधून नुसती छापील फिल्म घेऊ नका, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागा. हाड जोडणारी प्लेट कुठे बसवायची हे ठरवताना सर्जनला स्लाइस स्वतः पुढेमागे सरकवून पाहावे लागतात.