चिंगीच्या खाण्याच्या तीन पिशव्या: स्वस्त, मधली आणि महागडी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. कुत्र्याच्या सुक्या खाण्याच्या तीन पिशव्या आमच्याकडे वापरून झाल्या. लाल पिशवी सगळ्यांत स्वस्त, पिवळी मधल्या किमतीची आणि काळी महागडी. घरात पिवळी टिकली. तिला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो पहिल्याच आठवड्यात दात विचकलेल्या झिपसाठी, आणि पिशवीवर कॅलरी न छापल्याबद्दल.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या पिशवीतले घटक देशागणिक वेगळे असू शकतात आणि कंपन्या कृतीही मधूनमधून बदलतात. तुमच्या हातातल्या पिशवीच्या मागची बाजू कशी वाचायची हे कळलं, तर माझ्या पिवळ्या पिशवीची तुम्हाला गरजच नाही.

चिंगी पंधरा किलोची, मिश्र जातीची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, तरुणपण ओलांडलेली. दोन वेळा फिरून येते आणि उरलेला दिवस लोळते. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडा दिसला की त्याच्यामागे लागायची खोड आहे. पिशवीच्या पुढच्या बाजूला धावणारा चकचकीत कुत्रा, चिकनची तंगडी, गाजर आणि ‘प्रीमियम’ असं सगळं असतं. त्यातल्या ‘प्रीमियम’ला कसलीही कायदेशीर व्याख्या नाही. माझं काम मागच्या बारीक अक्षरांत.

लोकांची पहिली नजर जाते किलोच्या भावावर. पण कुत्रं किलो खात नाही, कॅलरी खातं. किती कॅलरी लागतात ते साध्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. किलोतलं वजन तीनदा मांडून गुणा, उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं परत वर्गमूळ काढा आणि 70 ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. ऑपरेशन झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणायचं. चिंगीचं बघा: 15 गुणिले 15 गुणिले 15 म्हणजे 3375, त्याचं वर्गमूळ 58 च्या आसपास, त्याचं परत 7.62. गुणिले 70 केलं की 533, आणि गुणिले 1.6 केलं की साधारण 850 कॅलरी. हा अंदाज आहे. दोन सारख्या वजनाच्या कुत्र्यांत बराच फरक पडू शकतो. पण सुरुवात करायला पुरेसा.

आता पिशवीतल्या कॅलरी. छापल्या नसतील तरी काढता येतात. प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख म्हणजे खनिजं, यांची टक्केवारी शंभरातून वजा केली की उरतं ते कर्बोदक. राखेचा आकडा नसेल तर 8 धरा. मग प्रोटीनचे टक्के गुणिले 3.5, फॅटचे गुणिले 8.5, कर्बोदकांचे गुणिले 3.5, आणि तिन्हींची बेरीज म्हणजे शंभर ग्रॅममागच्या कॅलरी. माझ्या पिवळ्या पिशवीत प्रोटीन 24, फॅट 12, फायबर 4, ओलावा 10, राख 8. कर्बोदक उरलं 42. बेरीज 333. लाल पिशवीत प्रोटीन 18, फॅट 6, फायबर 6, ओलावा 12, राख 10. बेरीज 282.

म्हणजे चिंगीचं पोट भरायला पिवळीतले 255 ग्रॅम पुरतात आणि लालमधले 300 लागतात. लाल पिशवी किलोमागे पंधरा टक्के स्वस्त होती. रोजचा खर्च मांडला तर दोघी जवळजवळ बरोबरीला आल्या! काळी पिशवी किलोला पिवळीच्या सव्वादोनपट, पण तिच्यात फॅट जास्त असल्याने 228 ग्रॅममध्ये भागतं, म्हणून रोजचा खर्च दुप्पट. दुप्पटही कमी नव्हेच. पण स्वस्त कुठली आणि महाग कुठली, हे या गणिताआधी ठरवू नये एवढंच.

आता घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि वजन शिजवण्याआधीचं. इथे दोन गमती आहेत. पहिली म्हणजे, ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे ‘चिकन’ यादीत पहिलं दिसलं तरी दाणा सुकल्यावर त्याचा वाटा खूप आक्रसतो. ‘चिकन मील’ हे वाळवून केलेलं पीठ, त्यातलं पाणी आधीच गेलेलं. ते यादीत दुसरं असलं तरी प्रत्यक्षात जास्त प्रोटीन त्यातून येत असेल. मील म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दुसरी गंमत लाल पिशवीवर सापडली. तिथे चिकन मील पहिलं, मग मका, मग मक्याचा कोंडा, मग मक्याचं ग्लूटेन, म्हणजे मक्यातलं प्रोटीन. मक्याचे तीन तुकडे करून प्रत्येकाला चिकनखाली सरकवलेलं. तिन्ही एकत्र मांडले तर पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

‘चिकनयुक्त’, ‘चिकन फ्लेवर’ अशा शब्दांचेही नियम आहेत. अमेरिकेत ‘विथ चिकन’ लिहायला 3 टक्के चिकन पुरतं, युरोपात 4. ‘फ्लेवर’ला तर टक्क्यांची अटच नाही, चव ओळखू आली की झालं.

प्रोटीनच्या आकड्याबद्दल जरा थांबते, कारण सगळे तिथेच फसतात. पिशवीवर ‘क्रूड प्रोटीन’ लिहिलेलं असतं. ते प्रोटीन थेट मोजलेलं नसतं. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला हे त्या चाचणीला कळत नाही. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत याच पळवाटेने अनर्थ झाला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे प्लॅस्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलेलं निघालं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच, त्यामुळे कागदावर प्रोटीन फुगलं. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि खाण्याचा प्रचंड साठा बाजारातून परत घ्यावा लागला. हे टोकाचं उदाहरण झालं. पण साध्यासुध्या पिशवीतही आकडा एवढंच सांगतो की प्रोटीन आहे. पचेल किती, ते सांगत नाही.

अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषाप्रमाणे प्रौढ कुत्र्याला दर हजार कॅलरींमागे किमान 45 ग्रॅम प्रोटीन हवं. चिंगीला म्हणजे 38 ग्रॅम. लाल पिशवीच्या 300 ग्रॅममध्ये 54 ग्रॅम होतं. कागदावर उत्तीर्ण! मग तक्रार काय? तक्रार मागून यायची. माफ करा, पण कुत्रं पाळणाऱ्यांना हा विषय वर्ज्य नाही. लालवर असताना शी भरपूर, मऊ आणि तीनदा. पिवळीवर आल्यावर प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं उतरलं, घट्ट झालं, उचलताना जमिनीला चिकटेनासं झालं. खाल्लेलं पचलं नाही तर ते कुठेतरी जाणारच. प्रयोगशाळेशिवाय पचनाचा अंदाज घ्यायला घरात एवढीच चाचणी उपलब्ध आहे आणि ती फुकट आहे.

काळी पिशवी आमच्या चिरंजीवांनी पहिल्या पगारात आणली. प्रोटीन 32, फॅट 18, वर ठळक अक्षरांत ‘ग्रेन-फ्री’. धान्याऐवजी वाटाणे, मसूर आणि बटाटा. चिंगीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली, अंगावर चकाकी आली. (चकाकी पिवळीवरही टिकली, हे चिरंजीवांना सांगितलेलं नाही.) खाणं वाईट नाही. पण ‘ग्रेन-फ्री’साठी जादा पैसे मोजायला मला कारण दिसत नाही. कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगा असं सांगून या पिशव्या विकतात. पिष्टमय पदार्थ पचवणारं एन्झाइम बनवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती मात्र लांडग्यापेक्षा बहुतेक कुत्र्यांत कितीतरी जास्त असतात. 2013 साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. शिजलेला भात-मका बहुतेक कुत्र्यांना व्यवस्थित पचतो. शिवाय वाटाणे-मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण ज्या गोष्टीचा फायदा दिसत नाही आणि जिच्याबद्दल शंका आहे, तिला दुप्पट पैसे मी देणार नाही. तुमच्या कुत्र्याला धान्याची ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता पिवळी. यादीत पहिलं चिकन मील, मग तांदूळ, मग मका, चिकनची चरबी, बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा चोथा), माशाचं तेल, त्यानंतर जीवनसत्त्वं आणि खनिजं. त्याच यादीत ‘यकृत व इतर अवयव’ही आहेत. काहींना ते वाचून कसंसं होतं. चिंगीला विचाराल तर तो पिशवीतला सर्वांत चांगला भाग असेल, आणि पोषणाच्या दृष्टीनेही यकृत काही टाकाऊ माल नव्हे. तेल खवट होऊ नये म्हणून टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुळातलं द्रव्य. मुख्य म्हणजे खालच्या कोपऱ्यात ‘प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण व संतुलित आहार’ हे वाक्य आहे. पैसे कमी असोत की जास्त, हे वाक्य नसेल आणि ‘पूरक आहार’ असं काही लिहिलेलं असेल, तर रोजचं जेवण म्हणून ती पिशवी घेऊ नका.

दाणा मध्यम, त्रिकोणी, दातांखाली कट्कन तुटणारा. वास माफक. पिशवीच्या तळाला भुगा साठतो, तो चिंगी चाटत नाही, मी कोमट पाण्यात कालवून देते. कॅलरीसाठी कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं, आकडा माझ्या हिशेबाच्या अगदी जवळचा होता. त्याच ईमेलमध्ये विचारून घेतलं की खाण्याची कृती कोण ठरवतं. पशुपोषणात शिकलेला माणूस नोकरीला आहे असं कळलं. जगभरातल्या पशुवैद्यांची संघटना, डब्ल्यूसावा, कंपनीला असेच प्रश्न विचारा म्हणून सांगते. ज्या कंपनीला उत्तर देता येत नाही, तिच्या पिशवीवरच्या गाजराच्या चित्राला काय करायचंय?

ओल्या डब्यांबद्दल थोडक्यात. डब्यावर प्रोटीन 8 टक्के बघून कुणी हसू नये. 78 टक्के पाणी काढलं की ते 36 टक्के भरतं, आणि पिवळीतलं 24 पाणी काढल्यावर 27 च्या खाली राहतं. पण पैसे पाण्याचेही द्यावे लागतात. आजारी, न खाणाऱ्या कुत्र्यासाठी उत्तम, रोज परवडत नाही. आणि घरचं शिजवलेलं? स्वस्त पडतं असं वाटतं, पण नुसत्या भात-चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. अमेरिकेत 200 घरगुती पाककृती तपासल्या तेव्हा 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. करायचंच तर पशुपोषण जाणणाऱ्याकडून कृती लिहून घ्या.

माझ्या मते खरी बचत वाटीतच आहे. पिवळीच्या तक्त्यात पंधरा किलोला 280 ग्रॅम लिहिलंय. मी वजनकाट्यावर 240 मोजते आणि उरलेल्या कॅलरी दिवसभराच्या खाऊला ठेवते. खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देत नाही. मापाच्या कपाने देऊ नका, कप कधी शिगोशीग भरतो, कधी सपाट. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून बघताना वर आलेल्या दिसू नयेत. लॅब्रेडॉर कुत्र्यांवर एक प्रयोग आयुष्यभर चालला होता. ज्यांना जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, ती सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. जास्तीचं खाणं म्हणजे आज खाण्याला पैसे आणि उद्या डॉक्टरला पैसे.

मोठी पिशवी किलोला स्वस्त पडते, पण एकट्या छोट्या कुत्र्यासाठी घेऊ नका. उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल इतकीच घ्या, नाहीतर फॅट खवट होतं आणि कुत्रं तोंड फिरवतं. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो. पिवळीची झिप बिघडली की कपड्यांचे दोन चिमटे लावा. नवीन खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळत आणा, नाहीतर पोट बिघडेल आणि दोष बिचाऱ्या पिशवीवर येईल.

पिल्लांसाठी ही पिवळी नाही, त्यांना वाढीच्या वयाचं वेगळं खाणं लागतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्यांनाही नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच. बाकी धडधाकट प्रौढ कुत्रं असेल तर अशाच धाटणीची मधल्या किमतीची पिशवी शोधा, वरचं गणित मांडून बघा, आणि आधी सगळ्यांत छोटं पाकीट घ्या.